नवी बॅटरी घेण्याआधी हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा: २००३ची पोर्शे बॉक्स्टर तीन महिने गॅरेजमध्ये उभी होती. बॅटरी पार उतरली. पुढचं झाकण कसंबसं उघडलं, दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून इंजिन चालू केलं आणि गाडी चाळीस मिनिटं फिरवून आणली. बारा दिवसांनी पुन्हा तेच. आता रिमोट चालत नाही, झाकण उघडत नाही आणि बॅटरी त्या झाकणाखालीच आहे. एक जण म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो गाडीत कुठेतरी करंट गळतोय. आधी काय करावं?

दोघांचंही आत्ता ऐकू नका. आधी साधी आकडेमोड करू, कारण तुम्ही दिलेल्या माहितीतच बरंचसं उत्तर आहे.

अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, कंट्रोल युनिट्सची मेमरी यांच्यासाठी अशी गाडी बंद असतानाही थोडा करंट खाते. साधारण ३० ते ५० मिलीअँपिअरपर्यंत तो चालतो. ४० धरला तर चोवीस तासांत जवळजवळ १ अँपिअर-तास (म्हणजे एक अँपिअर करंट तासभर) जातो, म्हणजे तीन महिन्यांत ९०च्या आसपास. तुमच्या गाडीत ७० किंवा फार तर ८० अँपिअर-तासांची बॅटरी असणार. गाडीत कणभर दोष नसला तरी तीन महिन्यांत ती उतरणारच होती.

आता बारा दिवसांचं बघा, सगळ्यांना शंका त्याचीच येते आहे. चाळीस मिनिटांच्या फेरीत अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राने, बॅटरीत सरासरी २० अँपिअर घातले असं धरू. भरले गेले किती? तेरा-चौदा अँपिअर-तास. बारा दिवसांत रोज एक याप्रमाणे गेले बारा. म्हणजे बॅटरी भरलीच नव्हती. जेवढं घातलं तेवढं संपलं, इतकंच. यावरून गळती आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. गळती आहे की नाही हे मोजल्यावर कळेल, आणि मोजायला भरलेली बॅटरी लागते. म्हणून क्रम असा ठेवा: आत शिरा, बॅटरी सावकाश भरा, तपासा, मग गळती मोजा. नवी बॅटरी घ्यायची की नाही हा निर्णय त्यानंतर.

झाकणापासून सुरुवात करू, कारण लोक गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच करून घेतात. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायला जातात, बंपर काढायला घेतात. त्याची गरज नाही. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप किल्लीनेच उघडा, ते यांत्रिक आहे. दार उघडताना एक जपा. या गाडीच्या काचेला वरून चौकट नाही. एरवी दाराची मूठ ओढली की काच बोटभर खाली सरकते आणि छपराच्या रबरातून मोकळी होते. बॅटरी नसताना ती सरकत नाही, त्यामुळे दार हळू ओढा. बंद करताना तर आणखी सांभाळा: काच रबराच्या बाहेर आपटली तर रबर फाटतं, कधी काचेचीही कड उडते. काम होईपर्यंत दार उघडंच ठेवणं उत्तम.

पायाजवळच्या बाजूच्या झाकणाआड फ्यूज-बॉक्स आहे. त्यात लाल रंगाचा एक संपर्क बाहेर ओढता येतो. त्याला बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक लावा आणि ऋण टोक दाराच्या चौकटीतल्या लोखंडी कडीला, म्हणजे लॉक जिथे अडकतं त्या उघड्या धातूला. लावताक्षणी अलार्म ओरडेल. घाबरू नका, रिमोटचं बटण दाबलं की थांबेल. मग झाकणाचं लॉक सोडवा आणि लगेच तारा काढा. हा मार्ग फक्त कुलूप उघडण्यापुरता आहे. त्यामागची तार बारीक आहे, त्यावरून बॅटरी भरायची नाही आणि इंजिन तर मुळीच चालू करायचं नाही. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत कुणीतरी तसा प्रयत्न केला होता. फ्यूज-बॉक्सचं प्लास्टिक वितळून त्या संपर्काभोवती गोठलं होतं. याच्या आधीच्या वर्षांच्या ९८६ (तुमच्या बॉक्स्टरची पिढी) आणि ९९६ (त्याच काळातली ९११) गाड्यांना झाकणासाठी केबल आहे, त्यांची तऱ्हा वेगळी, म्हणून दुसऱ्या कुणाच्या गाडीचा उपाय आपल्या गाडीवर डोळे झाकून करू नये.

हीच अडचण इतर गाड्यांनाही वेगवेगळ्या रूपात येते. सहाव्या पिढीच्या शेव्हरले कॉर्व्हेटचं दार बाहेरून विजेच्या बटणावर उघडतं. बॅटरी मेली की मागच्या बाजूला नंबरप्लेटजवळच्या कुलपाला किल्ली लावून डिकी उघडायची आणि आतली दोरी ओढून दार सोडवायचं. आत बसलेला माणूस अडकला तर सीटशेजारी जमिनीवर हाताने ओढायचा लिव्हर असतो. ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने ही जागा दिवसाउजेडी, बॅटरी चांगली असताना एकदा हाताने चाचपून ठेवावी.

झाकण उघडलं की बॅटरी आधी नीट बघा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचं पोट फुगलंय का, झाकणाला तडा आहे का, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली आहे का. कडाक्याच्या थंडीत उभी असलेली गाडी असेल तर बॅटरी गोठलीय का तेही बघा: भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड सहज गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत बहुतेक पाणीच उरतं आणि ते शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठतं. गोठलेल्या किंवा फुगलेल्या बॅटरीला चार्जर लावायचा नाही. ती फुटू शकते.

तार सोडवताना आधी ऋण टोक. कारण साधं आहे: गाडीचं अंग म्हणजेच ऋण टोक. धन टोकाचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, आणि त्या क्षणी पान्यातून शेकडो अँपिअर जातात. ऋण आधी सुटलं की मग पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. बसवताना याच्या उलट, ऋण सर्वात शेवटी. पूड असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, फेस येणं थांबेपर्यंत. बॅटरीला वरून बुचं असतील तर ती घट्ट आहेत याची खात्री करून घ्या, सोडा आत गेला तर अ‍ॅसिड वाया गेलं.

आता भरणं. इथे घाई कराल तर बॅटरी जाईल. अल्टरनेटर हा चार्जर नाही. तो भरलेल्या बॅटरीतून सेल्फने घेतलेलं परत करण्यासाठी आणि गाडीचा चालू खर्च भागवण्यासाठी बनवलेला आहे. पार उतरलेली बॅटरी त्याच्यापुढे ठेवली की तो पूर्ण ताकदीने करंट ओतत राहतो, त्याच्या गुंडाळ्या आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तापतात. चांगला अल्टरनेटर बऱ्याचदा अशाच ‘फिरवून आणली की भरेल’च्या फेरीत जातो. तुमच्या गाडीचं एकदा झालं आहे, आता पुन्हा करू नका.

चार्जरचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शापर्यंत असावा. ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीला सात अँपिअरपर्यंत चालतो. मी चार-पाचच्या वर जात नाही. त्या हिशेबाने पूर्ण भरायला अठरा-वीस तास जातात, जाऊ द्या. बॅटरी गाडीबाहेर काढून, हवेशीर जागी, ठिणगीपासून लांब ठेवून भरणं सर्वात सुरक्षित. भरत आल्यावर बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून चार्जरचे चिमटे लावताना-काढताना चार्जर भिंतीच्या स्विचवरून बंद. हात लावून बॅटरी कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर थांबा.

आजकालचे स्वयंचलित चार्जर फार उतरलेल्या बॅटरीला बॅटरीच समजत नाहीत, दिवा लाल करून गप्प बसतात. लोक तिथेच ठरवून टाकतात की बॅटरी मेली. मेली नसेलही. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी तिच्या शेजारी ठेवा, धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडा, चार्जर लावा, आणि चार्जर कामाला लागला की थोड्या वेळाने मदतीची बॅटरी काढून घ्या. या वेळात तिथून हलू नका, बॅटरीला हात लावून बघत राहा.

भरून झाल्यावर बॅटरी गाडीला न जोडता रात्रभर तशीच ठेवा. चार्जर काढल्या-काढल्या मीटर १३च्या वरही दाखवतो, तो आकडा फसवा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. साध्या अ‍ॅसिडच्या बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव आणि ११.८ला ती उतरलेलीच धरायची. एजीएम जातीची (अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली) असेल तर भरलेली असताना १२.८ किंवा थोडं वर दाखवते. व्होल्टमागचा हिशेबही जाणून घ्या, पुढे कामाला येतो. आत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. मीटर १०.५च्या आसपास अडकून बसला आणि कितीही भरलं तरी वर जात नसेल तर एक कप्पा गेला. त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका.

मधली अवस्था अवघड असते: रात्रभर भरली, सकाळी १२.३. याचं कारण सल्फेट. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते ताजं असतं तोवर मऊ, भरताना परत विरघळतं. पण उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढा प्लेटचा भाग कायमचा निकामी होतो. तुमची बॅटरी तीन महिन्यांतला शेवटचा बराच काळ उतरलेली पडून होती, नंतर बारा दिवसांत पुन्हा उतरली. तिचं बरंच नुकसान झालेलं असणार, हे मी मोजायच्या आधीही म्हणेन. एकदा अगदी हळू, दोन अँपिअरवर, दीड-दोन दिवस भरून बघण्यात गैर काही नाही. बुचं असतील तर हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) घालून सहाही कप्पे तपासा. भरलेल्या कप्प्यात घनता १.२६५ ते १.२८० हवी. पाच कप्पे सारखे आणि एक ०.०५०ने खाली असेल तर तो एक कप्पा बॅटरी घेऊन जाणार. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, अ‍ॅसिड कधीही नाही, आणि पातळी वरपर्यंत आणायची ती भरून झाल्यावर.

व्होल्ट बरोबर आले म्हणजे बॅटरी ताकदीची आहे असं नव्हे. भरल्या बॅटरीवर सेल्फ मारताना टर्मिनलवर मीटर धरा. किल्ली फिरवायला दुसरा माणूस घ्या. नेहमीच्या तापमानात आकडा १०च्या वर राहिला तर उत्तम. ९.६च्या खाली घसरला तर बॅटरीत दम नाही. लोड टेस्टरने तपासतात तेव्हाही तत्त्व हेच असतं: थंड-स्टार्ट रेटिंगच्या (थंडीत बॅटरी सेल्फला किती अँपिअर देऊ शकते तो आकडा) निम्मा करंट पंधरा सेकंद ओढायचा आणि व्होल्ट ९.६च्या वर टिकतात का बघायचं.

बॅटरी या चाचणीत नापास झाली तर बदला, त्यात आढेवेढे नकोत. पण नवी बसवण्याच्या आधी, किंवा बसवल्या दिवशीच, गळती मोजा. हा भाग मी लांबवून सांगणार आहे, कारण इथे एक तास घातला नाही तर दर वर्षी नवी बॅटरी घ्यावी लागते, आणि मी अशी माणसं पाहिली आहेत.

मल्टीमीटर १० अँपिअरच्या पट्टीवर घ्या, ऋण टर्मिनल आणि त्याची तार यांच्या मधोमध. पण आधी त्याच दोघांमध्ये एक जाड तार तात्पुरती बांधा, म्हणजे जोडताना गाडीची वीज तुटत नाही आणि सगळी युनिट्स नव्याने जागी होत नाहीत. खिडकीची काच आधीच खाली करून ठेवा. किल्ली बाहेर, गाडीपासून दूर. दार बंद केल्याचा भास व्हावा म्हणून दाराच्या लॉकची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवा, पुढच्या झाकणाच्या लॉकचंही तसंच करा, आणि रिमोटने गाडी लॉक करा. मग थांबा. अर्धा तास. या अर्ध्या तासानंतरच ती तात्पुरती तार काढायची, म्हणजे करंट मीटरमधून जाऊ लागेल. मीटर लावलेला असताना दाराची मूठ ओढू नका. काचेच्या मोटरचा झटका बसला की मीटरचा फ्यूज उडतो.

थांबणं का महत्त्वाचं, ते एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा बसून करंट दाखवणारा) लावून बसलो की लॉक केल्या क्षणी दोन-अडीच अँपिअर दिसतात. ते बघून नवखा माणूस घाईने म्हणतो, सापडली गळती. काही मिनिटांत आकडा अर्ध्या अँपिअरवर येतो, मग ०.२, तिथे बराच वेळ रेंगाळतो, आणि मग आतून कुठूनतरी रिले सुटल्याचा बारीक ‘टक’ आवाज येतो आणि मीटर ०.०४वर बसतो. गाडी झोपली. हा शेवटचा आकडा खरा. तो ०.०५च्या आत असेल तर तुमच्या गाडीत गळती नाही, तीन महिन्यांचा हिशेबच तेवढा होता.

तो ०.२ किंवा ०.३वर अडून राहिला तर फ्यूज शोधायला लागा. एकेक फ्यूज उपटू नका, परत बसवताना युनिट जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास थांबावं लागतं. त्याऐवजी मीटर मिलीव्होल्टवर घ्या आणि प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर जी दोन धातूची टिंबं उघडी असतात तिथे दोन सुया टेकवा. ज्या फ्यूजमधून करंट जात नाही तिथे शून्य दिसेल. जिथे मिलीव्होल्टचा अंशही दिसतो त्या सर्किटमध्ये काहीतरी चालू आहे.

९८६ आणि ९९६मध्ये माझा पहिला संशय इग्निशन स्विचवर असतो, म्हणजे किल्लीच्या कुलपामागचा विजेचा भाग. आतले संपर्क झिजतात आणि किल्ली काढूनही काही सर्किट चालूच राहतात. किल्ली काढल्यावर रेडिओ किंवा पंखा बंद होत नाही, किल्ली अर्धवट फिरल्यासारखी वाटते, या खुणा. दुसरा संशय दारातल्या मायक्रोस्विचवर: दार बंद असूनही गाडीला ते उघडंच वाटतं आणि ती झोपत नाही. तिसरा, आणि कुठल्याही जुन्या गाडीत सर्वात जास्त, नंतर बसवलेल्या गोष्टींवर. अ‍ॅम्प्लिफायर, दुसरा अलार्म, ट्रॅकर, फोन चार्जर. आधीच्या मालकाने काय काय जोडून ठेवलं आहे हे तुम्हाला माहीत नसतं. डॅशबोर्डखाली इन्सुलेशन टेप गुंडाळलेली तार दिसली तर तिचा माग काढाच.

एका जुन्या कूपेचं सांगतो. मालकाने चार वर्षांत तीन बॅटऱ्या बदलल्या होत्या. प्रत्येक वेळी गॅरेजने नवी बसवून दिली, गळती कुणी मोजली नव्हती. मी मोजली तर अर्धा अँपिअर. फ्यूजवरून डिकीच्या दिव्यापर्यंत पोचलो, पण डिकी उघडली की दिवा लागणारच, बंद केल्यावर काय होतं ते कसं बघणार? फोनचा व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला, झाकण लावलं, दहा सेकंदांनी उघडलं. व्हिडिओत झाकण खाली येतं, काळोख व्हायला हवा, आणि गालिचाचा प्रत्येक धागा स्वच्छ दिसतो आहे. झाकणाचा स्विच दाबणारा रबराचा तुकडा झिजून गेला होता. सहा वॅटचा दिवा रात्रंदिवस जळत होता. दिवसाला बारा अँपिअर-तास.

कुठल्याच फ्यूजवर काही सापडलं नाही आणि गळती तर आहे, अशा वेळी अल्टरनेटर आठवा. त्याचा एखादा डायोड फुटला तर बॅटरीचा करंट उलटा त्यातून वाहतो, आणि ती तार बहुधा गाडीच्या मुख्य फ्यूज-बॉक्समधून जात नाही. इंजिन चालू करून हेडलाइट लावा आणि मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीवर मोजा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर डायोडवर संशय घ्या. त्याच वेळी डीसीही मोजा, १३.८ ते १४.४ हवेत. तुमच्या गाडीत आणखी एक जागा बघा: अल्टरनेटर, सेल्फ आणि पुढची बॅटरी यांना जोडणारी जाड केबल. इंजिन मधे, बॅटरी पुढे, त्यामुळे ती लांब आहे आणि तिच्या टोकांना आतून गंज धरतो, हा या गाड्यांचा माहितीतला दोष आहे. अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.३ आणि बॅटरीवर १३.५ दिसले तर अल्टरनेटर चांगला आहे, केबल वाईट. अशी केबल असेल तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि गरम इंजिनवर सेल्फ सुस्त फिरतो. इंजिन आणि बॉडी यांच्यातल्या अर्थिंगच्या पट्टीचंही तसंच: सेल्फ मारताना बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनचा धातू यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. ‘बॅटरी डेड’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या या एका पट्टीवर चालू झाल्या आहेत.

जंपरबद्दल, कारण तुम्ही एकदा लावला आहे आणि पुढेही वेळ येऊ शकते. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या धनाला, लालचं दुसरं टोक चांगल्याच्या धनाला, मग काळा चांगल्याच्या ऋणाला आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि ती बॅटरीच्या तोंडाशी उडायला नको. काढताना उलट क्रम. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘अल्टरनेटर चालतोय का’ बघायची जुनी सवय या गाड्यांवर अजिबात नको; बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि त्यात इंजिनचं कंट्रोल युनिट जाऊ शकतं. धक्का मारूनही काही होणार नाही: पार उतरलेल्या बॅटरीवर पेट्रोल पंप आणि कंट्रोल युनिट दोन्ही बंद असतात.

याहून जुन्या गाडीचा कुणी हे वाचत असेल तर त्याने तारा लावण्याआधी थांबून गाडी ओळखावी. १९६७पर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे तिचं अंग धन टोकाला जोडलेलं, वर दिलेला सगळा क्रम तिथे उलटा. आणि तिच्यात सीटमागे जमिनीखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक (मिळून १२ व्होल्ट) जोडलेल्या असत, त्यातली एक गेली की दुसरीलाही दोष लागतो. पोर्शे ३५६ बहुतेक ६ व्होल्टच्याच. १९६९ ते १९७३च्या ९११मध्ये पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या समांतर (धनाला धन, ऋणाला ऋण) जोडलेल्या असतात, त्या दोन्ही एकाच वयाच्या असाव्या लागतात. पोर्शे ९१४मध्ये बॅटरी इंजिनच्या खणात उजवीकडे आहे. तिच्यातून झिरपलेलं अ‍ॅसिड आणि वरचं पाणी मिळून खालचा पत्रा आणि उजवी लांब चौकट खाऊन टाकतं. अशी गाडी घेताना बॅटरी आधी उचलून तिचा ट्रे बघावा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत महिनाभराने फ्लोट बाउलमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि ते परत भरेपर्यंत सेल्फ मारत राहावा लागतो. दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा. सलग मारलात तर भरलेली बॅटरीही तिथेच संपते आणि सेल्फ तापतो.

नवी घेताना माप, टर्मिनलची बाजू आणि खालची पकड जुन्यासारखीच हवी. वायू बाहेर नेणारी नळी असेल तर नव्या बॅटरीलाही तिची सोय हवी आणि नळी खरंच जोडायला हवी. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५मध्ये बॅटरी डिकीत असते आणि तिला अशा नळ्या दिलेल्या आहेत. ज्यांनी साधी, बिननळीची बॅटरी बसवली त्यांच्या डिकीचा कोपरा गंजलेला दिसतो. जास्त उभ्या राहणाऱ्या गाडीला मी एजीएम घ्यायला सांगतो, ती स्वतःहून कमी उतरते आणि गळत नाही. लिथियम हलकी आहे, पण तिला तिचाच चार्जर लागतो, शून्याखाली भरायची नसते आणि पार उतरली तर आतलं संरक्षण तिला बंद करून टाकतं. तुमची गाडी जशी वापरली जाते आहे, तिला ती नको.

बॅटरी जोडल्यावर इग्निशन मिनिटभर चालू ठेवा, पेडलला पाय लावू नका, मग बंद करून दहा सेकंद थांबा आणि नंतर इंजिन चालू करा. थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप) आपली जागा शिकून घेतो. दोन्ही काचा पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद धरून ठेवा, नाहीतर दार उघडताना काच सरकणार नाही. रेडिओ कोड मागेल, त्याचं कार्ड शोधून आधीच हाताशी ठेवा.

पुढच्या वेळी गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर एक अँपिअरच्या आसपासचा मेंटेनर चार्जर लावून ठेवा, जो बॅटरी भरल्यावर १३.२ ते १३.६ व्होल्टवर स्वस्थ बसतो. गॅरेजमध्ये वीज नसेल तर बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी भरत राहा. अशा वेळी पुढचं झाकण पूर्ण लावू नका. लॉकच्या जिभेवर कापडाची जाड घडी ठेवा आणि झाकण त्यावर अलगद टेकवा. गळती मोजताना तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरने फिरवलेली पुढच्या झाकणाच्या लॉकची जीभही बॅटरीची तार काढायच्या आधी रिमोटने किंवा आतून सोडवून घ्या. ती बंद राहिली आणि वर झाकण आपटलं तर लॉक बिघडतं, आणि बॅटरी नसताना बंद झालेलं झाकण उघडायला पुन्हा फ्यूज-बॉक्समधल्या त्या लाल संपर्कापाशी जावं लागतं.